कर्नल बसला नाही म्हणून मशीन फॉरमॅट करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा संपल्या की मराठवाड्यातल्या इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या पोरांना दरवर्षी एक हौस येते. लिनक्स कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, सोर्स उतरवून घ्यायचा, रात्रभर कंपाइल करायचा (सोर्सपासून चालणारा प्रोग्रॅम बनवायचा) आणि सकाळी मशीन रीस्टार्ट करायचं. हौस चांगलीच आहे. ऑपरेटिंग सिस्टिमचं पुस्तक चारदा वाचून जे डोक्यात शिरत नाही, ते यातून एका रात्रीत शिरतं. अडतं ते सकाळी. पडद्यावर काही ओळी येऊन थांबतात, नाहीतर नुसताच काळा पडदा. मग मशीन उचलून दुकानात. तिथे ‘विंडोज टाकून देतो’ असं उत्तर मिळतं आणि प्रोजेक्टच्या फायलींसकट डिस्क पुसली जाते. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! डिस्कला काही झालेलं नसतं, जुना कर्नल जागच्या जागी असतो आणि पुष्कळदा नव्या कर्नलमध्येही खोट नसते. त्याच्यासोबत जायला हवी होती अशी एखादी गोष्ट मागे राहिलेली असते. ती कोणती, हे पडद्यावरची शेवटची ओळ सांगते. ती वाचायची कशी, यासाठी हे पत्र. खाली कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या. उदाहरणं उबुंटू आणि डेबियनची आहेत, कारण आपल्याकडच्या लॅबमध्ये बहुतेक तीच दिसतात.

पहिलं काम जुन्या कर्नलवर परत जाण्याचं. कंपाइल झालेला कर्नल बसवणारी ‘मेक इन्स्टॉल’ ही कमांड जुना कर्नल काढत नाही, शेजारी नवा ठेवते. फक्त एकच सिस्टिम असलेल्या उबुंटूत ग्रबचा, म्हणजे सुरुवातीला कर्नल निवडून चढवणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेन्यू लपवलेला असतो, म्हणून पोरांना वाटतं की मार्ग बंद झाला. जुन्या बायॉसच्या मशीनवर सुरू होतानाच शिफ्ट दाबून धरा. यूईएफआयच्या, म्हणजे बायॉसच्या नव्या अवताराच्या, मशीनवर कंपनीचं चिन्ह दिसून गेलं की एस्केप एकदाच दाबा. घाईत चार-पाच वेळा दाबलं तर मेन्यूऐवजी नुसता ‘ग्रब’ असा प्रॉम्प्ट येतो. घाबरायचं नाही, रीस्टार्ट करून पुन्हा. मेन्यूत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये शिरलात की आधीचा कर्नल तिथे उभाच असतो. तो निवडून आत गेल्यावर ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फायलीत टाइमआउट-स्टाइल ‘मेन्यू’ आणि टाइमआउट १० करा, ‘अपडेट-ग्रब’ चालवा. खरं तर हे कंपाइल करण्याआधीच करून ठेवायचं असतं.

आता नवा कर्नल मुद्दाम एकदा पडू द्या, पण तोंड उघडं ठेवून. मेन्यूत त्याच्या ओळीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतले ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द काढा, कंट्रोल-एक्स दाबा. आता सगळ्या ओळी दिसतील. मोबाइलने फोटो काढा. रूटची, म्हणजे मुख्य फाइलसिस्टिमची, डिस्क जोडली जाण्याआधीच कर्नल पडला असेल, तर डिस्कवर कुठलाही लॉग लिहिला जात नाही. नंतर ‘जर्नलसीटीएल’मध्ये, म्हणजे सिस्टिमच्या लॉगमध्ये, शोधून काही सापडत नाही ते त्यामुळे. फोटो हाच पुरावा.

सगळ्यात जास्त दिसणारी ओळ ही: ‘कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. पुष्कळ जण ‘पॅनिक’ शब्दाशीच थांबतात. महत्त्वाचे आहेत ते कंसातले दोन आकडे. पहिला आकडा डिस्कच्या प्रकाराचा, दुसरा पार्टिशनचा. ०,० म्हणजे रूट कुठल्या डिस्कवर आहे हेच कर्नलला समजलं नाही. ८,२ असेल तर एसडीए२ हे पार्टिशन सापडलं, पण त्यावरची फाइलसिस्टिम वाचता आली नाही. २५९ने सुरू होत असेल तर बहुधा एनव्हीएमई (नव्या प्रकारच्या एसएसडी) डिस्कचं पार्टिशन, आणि दुखणं पुन्हा फाइलसिस्टिमचंच. म्हणजे आकडे ०,० असतील तर डिस्कचा ड्रायव्हर किंवा इनिटरॅमएफएस तपासायचं; ८ किंवा २५९ असेल तर ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस यांपैकी आपली जी फाइलसिस्टिम असेल ती कॉन्फिगमध्ये (कर्नलमध्ये काय काय घ्यायचं याच्या यादीत) चालू आहे का ते बघायचं.

इनिटरॅमएफएस म्हणजे काय, इथे थोडं थांबायला हवं, कारण निम्मी गुंतागुंत त्यातच आहे. डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतो आणि ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून, म्हणजे कर्नलबाहेरची वेगळी फाइल म्हणून, त्याच डिस्कवर ठेवलेला असतो. किल्ली घरात राहिली आणि दाराला बाहेरून कुलूप लागलं, अशी गत. म्हणून सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर एका छोट्या गठ्ठ्यात, म्हणजेच इनिटरॅमएफएसमध्ये, बांधून ‘/बूट’मध्ये ठेवतात आणि ग्रब तो गठ्ठा कर्नलबरोबरच मेमरीत चढवतो. शिवाय ग्रबच्या ओळीत रूटचा पत्ता यूयूआयडीने, म्हणजे फाइलसिस्टिमच्या लांबलचक ओळखक्रमांकाने, दिलेला असतो. फाइलसिस्टिमचा यूयूआयडी कर्नलला स्वतःला वाचता येत नाही, तो या गठ्ठ्यातल्या प्रोग्रॅमना येतो. कर्नलला एकट्याला समजतं ते ‘/डेव्ह/एसडीए२’सारखं नाव किंवा पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक). त्यामुळे गठ्ठाच नसेल, तर ईएक्सटी४ आणि डिस्कचा ड्रायव्हर कर्नलमध्ये पक्के बसवलेले असूनही ०,० येतं. डिस्क समोर असते आणि पत्ता वाचता येत नाही.

गठ्ठा का नसतो किंवा निकामी का असतो? क्रम चुकल्यामुळे तो निकामी निघतो, हे नेहमीचं कारण. आधी ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’, मग ‘मेक इन्स्टॉल’. उलट केलं तर गठ्ठा बांधला जातो तेव्हा मॉड्यूलच नसतात. दुसरं कारण, ‘/बूट’ वेगळं पार्टिशन असतं आणि ते भरलेलं असतं. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ ही ओळ इतर शेकडो ओळींत वाहून जाते आणि कुणी बघत नाही. ‘डीएफ -एच /बूट’ करून जागा बघा, ‘एलएस -एलएच /बूट’ करून नव्या व्हर्जनच्या नावाची ‘इनिटआरडी’ फाइल (हाच तो गठ्ठा) आहे का आणि शेजारच्या जुन्या फायलीच्या तुलनेत तिचा आकार पटतो का ते बघा. नसेल तर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के’ आणि पुढे व्हर्जनचं पूर्ण नाव, मग ‘अपडेट-ग्रब’. आत नेमकं काय गेलं हे ‘एलएसइनिटरॅमएफएस’ दाखवतं. त्यात एनव्हीएमई किंवा एएचसीआय (साटा डिस्कचा ड्रायव्हर) शोधा, पण ते कॉन्फिगमध्ये ‘वाय’ (पक्कं; ‘एम’ म्हणजे मॉड्यूल) केलं असेल तर गठ्ठ्यात दिसणार नाही, कारण ते कर्नलच्या पोटातच असतं.

गठ्ठा चढला, पण आत हवा तो ड्रायव्हर नाही, तर पॅनिक येत नाही. ‘अलर्ट! यूयूआयडी अमुकतमुक डज नॉट एक्झिस्ट. ड्रॉपिंग टू अ शेल!’ असं म्हणून मशीन ‘इनिटरॅमएफएस’ असा प्रॉम्प्ट देतं. तपासायला याहून चांगली जागा नाही आणि लोक नेमकं इथेच पॉवरचं बटण दाबतात. ‘कॅट /प्रॉक/पार्टिशन्स’ टाइप करा. यादीत डिस्क नसेल तर कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही. ‘मॉडप्रोब एनव्हीएमई’ किंवा ‘मॉडप्रोब एएचसीआय’ करून बघा. डिस्क उगवली तर ‘एक्झिट’ टाइप करा, बूट पुढे चालू होतं. डिस्क दिसत असेल, तर ‘बीएलकेआयडी’ने मिळणारा यूयूआयडी आणि ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’मधला यूयूआयडी जुळवून बघा. दोन्ही जुळत असतील आणि डिस्क जुनी, संथ किंवा यूएसबीवरची असेल, तर ग्रबच्या ओळीत ‘रूटडिले=१०’ घालून पाहा. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर बायॉसमध्ये व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं. तिथे एनव्हीएमईचा ड्रायव्हर असूनही डिस्क दिसत नाही, व्हीएमडीचा वेगळा लागतो.

हे ड्रायव्हर मुळात गळतात कसे? ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’मुळे. ही कमांड चांगली आहे, कंपाइलचे तास वाचवते, पण ती फक्त त्या क्षणी मेमरीत असलेले मॉड्यूल ठेवते आणि बाकीचे काढून टाकते. आपल्याकडे निम्म्या पोरांचं नेट मोबाइलच्या यूएसबी टेदरिंगवर चालतं. कमांड देताना मोबाइल जोडलेला नसेल, तर त्याचा ड्रायव्हर ‘आरएनडीआयएस_होस्ट’ गळतो आणि नवा कर्नल छान सुरू होऊन नेट मात्र मिळत नाही. पेन ड्राइव्हचंही तसंच. म्हणून कमांड देण्याआधी मोबाइल, पेन ड्राइव्ह, प्रिंटर, दुसरा मॉनिटर सगळं जोडा, एकदा वापरा, मगच कमांड द्या. आणि सुरुवात कायम ‘/बूट’मधल्या चालू कर्नलच्या कॉन्फिग फायलीवरून करा, ती कॉपी करून ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’. ‘मेक डेफकॉन्फिग’ तुमचं मशीन ओळखत नाही.

दुसऱ्या टोकाची चूक गठ्ठा फार मोठा होण्याची. ग्रबच ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणतो आणि ‘प्रेस एनी की’ दाखवून पुढे ०,०वर नेऊन आदळतो. कारण मॉड्यूलमध्ये डीबगची माहिती तशीच राहिली आणि एरवी शंभर-दीडशे एमबीच्या आत-बाहेर असणारा गठ्ठा कित्येक पट फुगला. ‘मेक इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ केलं की हा प्रश्न सुटतो. त्याहून बरं म्हणजे ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ने उघडणाऱ्या कॉन्फिगच्या मेन्यूत ‘कर्नल हॅकिंग’खाली जाऊन डीबग इन्फर्मेशन बंदच करायची. वेळ आणि डिस्कची जागाही वाचते.

‘बॅड शिम सिग्नेचर’ आणि पाठोपाठ ‘यू नीड टू लोड द कर्नल फर्स्ट’ असं आलं तर कर्नल कंपाइल करण्यात काहीच चुकलेलं नाही. सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलाच कर्नल चालू देणारी सोय, चालू आहे आणि तुमच्या कर्नलवर सही नाही. बायॉसमधून सिक्युअर बूट बंद करा, किंवा स्वतःची किल्ली बनवून ‘एसबीसाइन’ने सही करा आणि ‘एमओकेयूटिल’ने ती किल्ली मशीनला ओळखवून द्या. कॉलेजच्या मशीनवर पहिला मार्ग विचारल्याशिवाय वापरू नये.

काळा पडदा सगळ्यात फसवा. कर्नल मेला आहे की फक्त दिसत नाही, हे आधी ठरवा. कॅप्सलॉक दाबून दिवा लागतो का बघा. लागत असेल तर आत काहीतरी चालू आहे. ग्रबच्या ओळीत ‘नोमोडसेट’ घाला. चित्र आलं तर दोष ग्राफिक्सचा. एनव्हिडियाचा कंपनीचा ड्रायव्हर असेल, तर तो प्रत्येक कर्नलसाठी वेगळा बांधावा लागतो. हे काम डीकेएमएस करतं. ‘डीकेएमएस स्टेटस’ बघा, नव्या व्हर्जनचं नाव नसेल तर त्या कर्नलचे हेडर टाकून ‘डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’ करा. एएमडीच्या कार्डवर आणखी एक गंमत होते. ‘सगळं पक्कं असलेलं बरं’ म्हणून पोरं एएमडीजीपीयू या ड्रायव्हरला ‘एम’ऐवजी ‘वाय’ करतात. पक्का बसवलेला ड्रायव्हर डिस्क जोडली जाण्याआधीच जागा होतो आणि फर्मवेअरची फाइल मागतो. ती असते डिस्कवर. मिळत नाही, पडदा काळा. ‘एम’ ठेवला असता तर काही झालं नसतं.

मशीन अर्ध्यापर्यंत येऊन ‘यू आर इन इमर्जन्सी मोड’ म्हणत असेल, तर रूट जोडली गेली आहे, म्हणजे अवघड भाग पार पडला. इथे नेहमीचा गुन्हेगार ‘/बूट/ईएफआय’. हे पार्टिशन व्हीएफएटी फाइलसिस्टिमचं असतं आणि व्हीएफएटीचं मॉड्यूल, किंवा त्याला लागणारं ४३७ क्रमांकाच्या कोडपेजचं मॉड्यूल, सापडत नाही. बहुतेक वेळा मूळ कारण असं असतं की कॉन्फिग बदलून त्याच व्हर्जनचा कर्नल पुन्हा बांधला आणि मॉड्यूल मात्र मागचेच राहिले. ‘डिसअॅग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल’ ही ओळ दिसली की समजा. उपाय म्हणून प्रत्येक प्रयत्नाला वेगळं नाव द्या. कॉन्फिगमधल्या ‘लोकलव्हर्जन’मध्ये ‘-प्रयोग१’, ‘-प्रयोग२’ असं. सगळे कर्नल आणि त्यांचे मॉड्यूल मग आपापल्या फोल्डरमध्ये राहतात, एकमेकांत मिसळत नाहीत.

आता आपल्या भागाच्या दोन दुखण्यांबद्दल, जी परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाहीत. एक, लाइट. कंपाइल चालू असताना लाइट गेली तर ‘मेक’ पुन्हा दिल्यावर काम राहिलं तिथून सुरू होतं, हे खरं आहे. पण शेवटच्या काही सेकंदांत लिहिलेल्या फायली डिस्कवर पोचलेल्या नसतात. नाव असतं, तारीख असते, आत शून्य बाइट. ‘मेक’ फक्त तारीख बघतं, त्यामुळे ती फाइल झाली असं धरून पुढे जातं आणि शेवटी लिंक करताना ‘फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड’ म्हणत कोसळतं. ‘फाइंड’ने शून्य आकाराच्या ‘.ओ’ फायली शोधून पुसा आणि पुन्हा ‘मेक’ द्या. ते जमत नसेल तर ‘मेक क्लीन’ करून सगळं पहिल्यापासून. याहून वाईट म्हणजे इन्स्टॉल झाल्या झाल्या लाइट जाणं, कारण तेव्हा शून्य बाइटचा गठ्ठा ‘/बूट’मध्ये राहू शकतो. इन्स्टॉल संपलं की ‘सिंक’ टाइप करून प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबायचं. इतकं साधं काम, पण करत कुणी नाही.

दुसरं, ऊन आणि जुनी मशीन. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडचा पारा ४२च्या वर असताना धूळ बसलेल्या हीटसिंकवर चार तास कंपाइल चालवलं, तर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ येऊ शकतो. ओळखायची खूण सोपी आहे. दर वेळी त्याच फायलीवर थांबत असेल तर दोष सोर्सचा किंवा कॉन्फिगचा. दर वेळी वेगळ्या फायलीवर थांबत असेल तर रॅमचा किंवा तापण्याचा. दुसऱ्या प्रकारात झाकण उघडून धूळ काढा, मेमटेस्ट (रॅमची तपासणी) चालवा. अशा मशीनवर तयार झालेला कर्नल बूट झाला तरी त्यावर भरवसा ठेवू नये. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेलही बघून घ्या. तो संपला की घड्याळ मागे जातं आणि ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ असा इशारा येतो. त्याचबरोबर बायॉसची सेटिंगही मूळपदावर जातात. काही जुन्या मशीनवर साटा डिस्क जोडण्याची पद्धत तेव्हा एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर येते. उबुंटूच्या मूळ कर्नलमध्ये दोन्ही ड्रायव्हर असतात, तो सुरू होतो. लोकलमॉडकॉन्फिगने बांधलेल्यात एकच असतो, तो पडतो. काल चाललेला कर्नल आज चालत नाही, याचं कोडं कित्येकदा त्या सेलमध्ये असतं.

४ जीबी रॅमच्या मशीनवर सगळे कोअर एकदम जुंपू नका, ‘मेक -जे२’ पुरे. नाहीतर सिस्टिम कंपाइलरलाच मारते आणि ‘किल्ड’ एवढंच दिसतं. डिस्कवर पंधरा-वीस जीबी मोकळी असावी. ‘मेक बाइंडडेब-पीकेजी’ वापरलंत तर कर्नलची .डेब पॅकेजं मिळतात. ती ‘एपीटी’ने टाकताना गठ्ठा आणि ग्रब दोन्हींचं काम आपोआप होतं, क्रम चुकायला वावच राहत नाही. टाकण्याआधी क्यूईएमयू या आभासी मशीनमध्ये एकदा नुसता बीझेडइमेज (तयार झालेली कर्नलची फाइल) चालवून बघा, कन्सोल टीटीवायएस० या सिरियल पोर्टवर. डिस्क दिलेली नसल्याने शेवटी तोच ०,०चा पॅनिक येईल, पण इथे ती चांगली बातमी आहे: कर्नल उलगडला आणि शेवटपर्यंत आला.

लॅबच्या मशीनवर आणखी एक सोय करता येते. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मध्ये डिफॉल्ट ‘सेव्हड’ करून ‘अपडेट-ग्रब’ द्या, ‘ग्रब-सेट-डिफॉल्ट’ने जुना कर्नल कायमचा ठरवा आणि ‘ग्रब-रीबूट’ने नवा फक्त पुढच्या एका बूटसाठी. कर्नलच्या ओळीत ‘पॅनिक=१०’ घाला. नवा पडला तर १० सेकंदांनी मशीन आपणहून रीस्टार्ट होऊन जुन्यावर येतं. एक मात्र ध्यानात ठेवा, ‘पॅनिक=’ असताना डेबियन-उबुंटूचा इनिटरॅमएफएस शेल देत नाही, तोही रीस्टार्टच करतो. वर सांगितलेली तपासणी करायची असेल तेव्हा ते काढा.

जुना कर्नलही चुकून काढून टाकला असेल, तर लाइव्ह पेन ड्राइव्हने बूट करा. रूटचं पार्टिशन ‘/एमएनटी’वर जोडा, ‘/बूट’ आणि ‘/बूट/ईएफआय’ वेगळे असतील तर तेही त्याखाली, मग ‘/डेव्ह’, ‘/प्रॉक’, ‘/सिस’, ‘/रन’ बाइंड करून ‘सीएचरूट’ने डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरा. नेट लागत असेल तर डीएनएसची ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ही बघून घ्या. आतून ‘एपीटी’ने मूळ कर्नल टाका, ‘अपडेट-ग्रब’ द्या. फायली जशाच्या तशा राहतात.

फसलेला कर्नल काढायचा तो जुन्यावर बूट होऊन. आधी ‘युनेम -आर’ करून आपण त्याच कर्नलवर बसलेलो नाही ना, याची खात्री. पॅकेजने टाकला असेल तर ‘एपीटी पर्ज’. हाताने टाकला असेल तर ‘/बूट’मधल्या त्या व्हर्जनच्या व्हीएमलिनूझ, इनिटआरडी, सिस्टिम.मॅप आणि कॉन्फिग या चार फायली, ‘/लिब/मॉड्यूल्स’मधलं त्याच नावाचं फोल्डर, आणि शेवटी ‘अपडेट-ग्रब’. त्यातली कॉन्फिग फाइल मात्र पुसण्याआधी घरच्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा. पुढच्या प्रयत्नात ‘स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग’ला जुनी आणि नवी अशा दोन्ही दिल्या की नेमकं काय बदललं ते ओळीओळीने दिसतं.

कळावे.

आपले,
दोन संगणक प्रयोगशाळा सहाय्यक,
परभणी